थंडावा मोजतो, मग ओलावा का नाही?

एक साधा प्रश्न विचारतो. आज तुमच्या गावी तापमान किती आहे? खानदेशातल्या मुलाला हा प्रश्न अवघड नाही. मे महिन्यात जळगावचा पारा कुठे पोहोचला, भुसावळचा कुठे आणि धुळ्याचा कुठे, यावर आपल्याकडे पैजासुद्धा लागतात. आता दुसरा प्रश्न. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील हवेची सापेक्ष आर्द्रता आज किती आहे?

आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी दरवर्षी हा प्रश्न विचारतो आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो. सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या सर्वांना पाठ असते. आकडा मात्र कोणाजवळच नसतो. चूक मुलांची नाही. मी आजवर जितक्या शाळा, वाचनालये आणि कचेऱ्या पाहिल्या, त्यांपैकी फारच थोड्या ठिकाणी भिंतीवर आर्द्रतामापक होता. पंखे, कूलर आणि वातानुकूलन यंत्रे मात्र पुष्कळ ठिकाणी होती. म्हणजे औषध आहे, पण नाडी पाहणारा कोणी नाही. सार्वजनिक इमारतीतील ओलावा ताब्यात ठेवायचा असेल तर तो आधी मोजला पाहिजे आणि ते काम शाळकरी मुलेही उत्तम करू शकतात, असे माझे मत आहे. ते पटवून देण्यासाठीच हा लेख.

हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही, ठेच लागून घेतले आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी व्याख्यानाला गेलो होतो. दिवस श्रावणाचे होते. तेथील वाचनालयाचे ग्रंथपाल मला म्हणाले, "सर, तुम्ही भौतिकशास्त्राचे. पावसाळ्यात आमच्या जुन्या पुस्तकांना कुबट वास येतो. काय करावे?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "उघडीप पडली की खिडक्या सताड उघडा. हवा खेळू द्या." गणपतीनंतर पुन्हा तिकडे जाणे झाले. मागच्या खोलीतील पुस्तकांच्या कापडी बांधणीवर हिरवट-करडी बुरशी चढली होती. काही जुन्या मासिकांची पाने एकमेकांना चिकटली होती. ग्रंथपाल मला दोष देत नव्हते. ते एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही सांगितल्यापासून रोज दुपारी न चुकता खिडक्या उघडतो हो."

त्या वाक्याने मी फार ओशाळलो. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा माझी चूक दहा मिनिटांत समजली. ती तुम्हीही समजून घ्या.

हवेत किती बाष्प मावते हे तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवेत २०° सें. ला जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ३०° ला सुमारे ३० ग्रॅम आणि ४०° ला सुमारे ५१ ग्रॅम. जेवढे मावू शकते त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, ती सापेक्ष आर्द्रता. बुरशी, कसर, कागद, लाकूड आणि आपली कातडी या सर्वांवर परिणाम होतो तो मुख्यतः या टक्केवारीचा.

आता श्रावणातील ती उघडिपीची दुपार घ्या. बाहेर ३०° तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरू. म्हणजे दर घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प आहे. वाचनालयाची इमारत जुनी, जाड दगडी भिंतींची. आत तापमान २७°. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. बाहेरची हवा आत आली, भिंतींना लागून निवाली आणि तिची सापेक्ष आर्द्रता ८० वरून ९४ टक्क्यांच्या घरात गेली! सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशीला रान मोकळे होते. मी त्या ग्रंथपालांना पुस्तके वाळविण्याचा उपाय सांगितला नव्हता, बुरशी पिकविण्याचा सांगितला होता.

याच्या उलट धुळ्याची डिसेंबरमधील पहाट पाहा. बाहेर १२° तापमान, ८० टक्के आर्द्रता. टक्केवारी तीच, म्हणून कोणी म्हणेल की हवा तितकीच दमट आहे. पण १२° ला हवेत मावतेच मुळी १०.७ ग्रॅम, त्याचे ८० टक्के म्हणजे साडेआठ ग्रॅम. ही हवा खोलीत येऊन २५° पर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३७ टक्क्यांवर उतरते. दोन्ही वेळा बाहेरचा आकडा ८० च होता. एकदा खिडकी उघडल्याने खोली भिजली, एकदा वाळली. खिडकी उघडावी की नाही हे अंगाला काय वाटते त्यावरून ठरत नाही. आतला आणि बाहेरचा, दोन्ही ठिकाणचा हिशेब मांडूनच ठरते.

हाच हिशेब आपल्या लाडक्या कूलरला लावू. पूर्वी खानदेशात दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. कूलर म्हणजे त्याच ताटीला पंखा आणि पंप जोडलेला. पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते आणि हवा थंड होते. मे महिन्यातील दुपारी ४०° तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २२-२३° दाखवितो. चांगला कूलर या मर्यादेच्या बराच जवळ जातो आणि सुमारे २६° ची हवा देतो. मात्र त्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास गेलेली असते. खिडक्या उघड्या ठेवून वाचनकक्षात माणसे बसली असतील, तर हे वरदानच आहे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात इतक्या थोड्या विजेत इतका थंडावा देणारे दुसरे यंत्र नाही.

पण हाच कूलर जुन्या कागदपत्रांच्या बंद खोलीत बसविला तर? दिवसा ७० टक्के, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा २० ते ३० टक्के. कागद ओलावा घेतला की फुगतो, सोडला की आकसतो. दिवसातून एकदा फुगणे आणि एकदा आकसणे, असे सारा उन्हाळाभर चालले तर शाईचे थर सैल होतात, बांधणीचा डिंक सुटतो. आणि श्रावणात? ३०° तापमान व ८० टक्के आर्द्रता असताना ओला तापमापक २७° दाखवितो. म्हणजे कूलरने फार तर दोन-अडीच अंशांचा फायदा आणि वर खोलीत पाण्याची भर. त्या दिवसांत कूलरचा पंप चालू ठेवणे म्हणजे चिंब भिजून आलेल्या माणसाच्या डोक्यावर तांब्या ओतणे होय! पंप बंद ठेवावा, नुसता पंखा चालवावा.

पाणी केवळ कूलरमधून येते असेही नाही. शांत बसलेला माणूस श्वासावाटे आणि कातडीवाटे तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग तासाभरात तीन लिटर पाण्याची वाफ करतो! पावसाची झड येते म्हणून सर्व खिडक्या लावून घेतलेल्या वर्गात चौथ्या तासाला डोके का जड होते, याचे एक कारण येथे आहे. अशा वेळी वाऱ्याच्या आडोशाची एखादी खिडकी उघडी हवीच. माणसांनी भरलेला वर्ग आणि कागदांनी भरलेली खोली यांचे नियम वेगळे असतात, हे लक्षात ठेवा.

आता तुम्ही विचाराल, थोडी जुनी पुस्तके खराब झाली तर एवढे काय बिघडले? नवी छापता येतात. छापील पुस्तकाची दुसरी प्रत मिळू शकते हे खरे. पण ज्याची प्रतच नाही त्याचे काय? इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून आणि दप्तरांतून मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे जमविली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे असे बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ साली उभे राहिले. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखित बाडे जमवून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभारले. जळगावजवळ जैन हिल्सवर गांधी तीर्थ आहे, तेथेही कागदपत्रांचा संग्रह आहे. या संस्थांच्या व्यवस्थेबद्दल मी काही बोलत नाही. ते माझे काम नव्हे. सांगायचे एवढेच की एका माणसाने एकदाच हाताने लिहिलेला कागद जगात एकच असतो, आणि तसले कागद आपल्या दोन जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. मोठ्या संस्थांतच नव्हे, तर ग्रामपंचायतीच्या कपाटात, देवळाच्या कोठीत आणि तुमच्या शाळेच्या जुन्या हजेरीपटांतही.

कागद पाणी किती पितो याची कल्पना आहे? ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत कागदाच्या वजनात सुमारे ६ ते ७ टक्के पाणी असते. ८० टक्के आर्द्रतेत ते १० टक्क्यांच्या आसपास जाते. एका खोलीत दहा क्विंटल कागद असेल तर या दोन स्थितींत निदान तीस लिटर पाण्याचा फरक पडतो. त्याच खोलीतील दोनशे घनमीटर हवा मात्र ३०° ला पूर्ण संपृक्त झाली तरी तिच्यात सहा लिटरच पाणी मावते. म्हणजे खोलीतले पाणी मुख्यतः हवेत नसते, कागदात असते! म्हणूनच दाराखिडक्या बंद असलेल्या, कागदांनी भरलेल्या खोलीतील आर्द्रता लवकर बदलत नाही. कागद स्वतःच ओलावा घेऊन आणि सोडून तिला आवर घालतो. मराठेशाहीतील कारकून दप्तराचे कागद सुती रुमालात घट्ट बांधून ठेवीत. सुती कापडही ओलावा घेते आणि हळूहळू सोडते. धुळीपासून बचावासाठी असो वा आणखी कशासाठी असो, त्या रुमालाने कागदांच्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. वीज नाही, यंत्र नाही, तरी तो आर्द्रता-नियंत्रकच.

आणखी एक गंमत ऐका. आज आपण वातानुकूलन म्हणजे माणसाची चैन समजतो. पण त्याचा जन्म कागदासाठी झाला आहे. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात रंगीत छपाई बिघडत असे, कारण दमट हवेत कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा ठराविक ठेवणारी यंत्रणा त्या छापखान्यासाठी तयार केली. पुढे १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर याने 'एअर कंडिशनिंग' हा शब्द वापरात आणला, तो कापड गिरण्यांच्या संदर्भात. कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून गिरणीत ओलावा वाढवावा लागतो.

कागद आणि कापूस! ही तर आपलीच गोष्ट झाली. जळगाव, धुळे, अमळनेर आणि चाळीसगाव येथे एके काळी कापड गिरण्या धडधडत असत. गिरण्यांमधील या ओलाव्याची दखल कायद्यानेही घेतली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १५ वे कलम केवळ कृत्रिम रीतीने ओलावा वाढविण्याबद्दल होते. त्यासाठीचे पाणी स्वच्छ असावे, असे ते कलमच सांगे; आर्द्रतेच्या चाचण्या बिनचूक घ्याव्यात आणि त्यांची नोंद ठेवावी, यासाठी राज्य सरकारला नियम करता येत. सुताच्या धाग्यासाठी आणि तो विणणाऱ्या कामगारांच्या आरोग्यासाठी आपण ओलावा मोजण्याचे ठरविले. मग विद्यार्थ्यांसाठी आणि इतिहासाच्या कागदांसाठी का मोजू नये?

यावर एखादे शिक्षक म्हणतील, "इतका खटाटोप कशाला? वातानुकूलन यंत्र बसवावे, ते ओलावाही काढते." मी यंत्राच्या विरुद्ध नाही. अहोरात्र, बारा महिने ते चालविण्याची ऐपत असेल तर जरूर बसवावे. पण पुष्कळ ठिकाणी ते साडेदहाला सुरू होते आणि साडेपाचला बंद होते. पावसाळ्यात दिवसभर २३° पर्यंत गार झालेले लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी यंत्र बंद झाले, दारे-फटींतून २७° ची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा आत आली. या हवेचा दवबिंदू २४° च्या थोडा वर आहे. कपाट त्याहून गार आहे. मग थंड पाण्याच्या तांब्याला सुटतो तसा त्या कपाटालाही घाम सुटणार. अर्धवेळ चालणारे यंत्र अशा खोलीत नसलेले बरे!

शिवाय मापे परदेशातून जशीच्या तशी उचलू नयेत. संग्रह जतन करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१४ साली जाहीर केलेल्या सूचनांत ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त चढउतार नको, असे म्हटले आहे. पण ही मापे स्थानिक हवामानात पाळता येण्याजोगी असावीत, हेही तेथेच म्हटले आहे. खानदेशात मे महिन्याचा कोरडेपणा आणि ऑगस्टचा ओलावा दोन्ही राहणारच. तो बदल सावकाश होऊ द्यावा आणि ६५ ची रेषा फार दिवस ओलांडू देऊ नये, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

तर मग करायचे काय? पुढील कामे तुमच्या विज्ञान मंडळाला सहज जमतील.

(१) एकसारखे दोन तापमापक घ्या. पाऱ्याचे नकोत, लाल अल्कोहोलचे चालतील. एकाच्या फुग्यावर मलमलीचे स्वच्छ फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. पाणी ऊर्ध्वपातित हवे. आपल्याकडील विंधन विहिरीच्या जड पाण्याने फडक्यावर क्षार बसतात आणि ते पाणी ओढेनासे होते. वाचण्यापूर्वी पुठ्ठ्याने तीन-चार मिनिटे वारा घाला. दोन्ही आकड्यांवरून प्रयोगशाळेच्या कोष्टकात आर्द्रता पाहा. कोरडा ३०° व ओला २४° असेल तर ती सुमारे ६१ टक्के येईल.

(२) अंकदर्शक आर्द्रतामापक आता काहीशे रुपयांत मिळतो. पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात खायचे मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घाला. ते झाकण आणि मापक एका पारदर्शक डब्यात घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. आतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. तुमचा मापक ७० दाखवीत असेल तर तो त्या सुमारास पाच टक्के कमी सांगतो, हे वहीवर लिहून ठेवा.

(३) ग्रंथालयात रोज दोनदा, सकाळी आणि दुपारी, आतले व बाहेरचे तापमान आणि आर्द्रता नोंदवा. टक्क्यांवरून दर घनमीटर बाष्पाचे ग्रॅम काढा. बाहेर ग्रॅम कमी असतील तरच कागदांच्या खोलीची खिडकी उघडायची.

(४) कपाटे बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि जमिनीपासून उचलून ठेवा. ओल बहुधा त्याच फटीत धरते.

वर्षभराची वही भरली की मुख्याध्यापकांना किंवा वाचनालयाच्या चिटणीसांना दाखवा. खिडकी केव्हा उघडायची, पंप केव्हा बंद ठेवायचा, ओल काढणारे यंत्र घ्यावे लागेल का आणि घेतले तर कोणते महिने चालवावे, हे सारे त्या वहीत असेल. हजारो रुपयांच्या खर्चाआधी काहीशे रुपयांचे मापन, हाच शास्त्राचा मार्ग आहे.

त्या तालुक्याच्या वाचनालयात मी नंतर पुन्हा गेलो. माझी चूक ग्रंथपालांना उलगडून सांगितली आणि दोन तापमापक त्यांच्या हवाली केले. ते आता निवृत्त झाले आहेत. परवा गेलो तेव्हा नव्या ग्रंथपाल बाईंनी मला आतल्या खोलीत नेले. भिंतीवर ते दोन तापमापक होते आणि खाली दोरीला बांधलेली वही. त्या दिवशीची नोंद आठवीतल्या एका मुलीने केली होती: आत ५८ टक्के, बाहेर ७१, बाष्प बाहेर जास्त, खिडकी बंद ठेवली.